चेंबरमधला गाभा

५ फेब्रुवारी २००६, रविवार
कासार आंबोली

आले एकदाची! हॉस्टेलच्या त्या सामायिक न्हाणीघरातून सुटका झाली. सहा वर्षं दुसऱ्यांचे केस पायाने बाजूला सारत आंघोळ केली मी. इथे अख्खा बंगला माझा एकटीचा. मालक हैबतराव हे माझ्या मार्गदर्शक सरांच्या ओळखीचे, भूगावात राहतात. सुटीत यायला म्हणून बांधला, पण घरचं कुणी इथे टिकत नाही म्हणाले. मला प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला दोन महिने दिलाय.

पांढऱ्या फरश्या, खिडक्यांना नवे गज, मागे कुणाचं तरी ज्वारीचं रान. आल्या आल्या फिनेल घालून घर दोनदा पुसलं. देखभालीला रंभाबाई आहेत, पन्नाशीच्या. नवरा सुरतेला असतो, त्या फाटकाजवळच्या खोलीत मांजर घेऊन राहतात. मनगटभर हिरव्या बांगड्या, अंबाड्यात रोज एक फूल. माझं नाव अलमास, म्हणजे हिरा, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, मग हिराताईच म्हनते. त्यांचं पिठलं खाऊन पोट गच्च झालंय. आज झोप छान लागणार.

१० फेब्रुवारी

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवरचं काम मार्गी लागलं. आज भाजी निवडताना रंभाबाईंनी विचारलं, जे ग्रह दिसतच नाहीत ते मोजता कसे? मी सांगितलं, ग्रहाच्या ओढीने त्याचा तारा जरासा डुलतो, त्यावरून वजन कळतं. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित घटतो, त्यावरून आकार. वजनाच्या मानाने आकार लहान निघाला, तर समजायचं की पोटात जड गाभा आहे. माझे तीन ग्रह तसे निघालेत.

मग हे एवढाले ग्रह होतात कसे, तेही सांगितलं. धुळीला धूळ चिकटते, त्याचा खडा होतो, खड्यांचा डोंगर. असं करत गाभा दहा पृथ्व्यांएवढा झाला की तो चिकटण्याची वाट बघत नाही. आजूबाजूचा वायू स्वतःच ओढून गिळतो आणि फुगतो.

रंभाबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "आपल्या चेंबरात बी तसलंच हाय, ताई. लिंबाएवढं व्हतं तवा मी काठीनं काढून लांब बांधावर फेकलं. सकाळी बघतीया, तर पुन्यांदा आत. तुमी केस मोरीत सोडू नगा."

मला हसू आलं. पण रात्री विंचरताना केस कागदात गुंडाळून ठेवले.

१३ फेब्रुवारी

न्हाणीघरात पाणी तुंबलं. घराचं दार आणि फाटक यांच्या मधोमध अंगणात सांडपाण्याचं चेंबर आहे. रंभाबाईंनी पहारीने झाकण उचललं आणि शिळ्या तेलाचा, ओल्या कुत्र्याचा असा काही भपकारा आला की मी तिथेच ओकले.

आत नारळाएवढा गोळा. केसांचा. माझ्यासारखे लांब काळे, रंभाबाईंचे पिकलेले, आणखी कुणाकुणाचे. मधे साबणाचा चिकटा, त्यावर मेणासारखी पिवळट चरबी, आणि नखं. माशाच्या खवल्यांसारखी नखं एकावर एक बसलेली. केस विस्कटलेले नव्हते. टाळूवरच्या भोवऱ्यासारखे नीट वळलेले होते.

लिहायची लाज वाटते, पण तोंड धुतलं आणि टेप आणला. रंभाबाईंनी गोळा काठीने धरला. घेर एकोणचाळीस सेंटिमीटर. टेप फेकून द्यायला हवा होता. धुऊन ठेवला.

१७ फेब्रुवारी

३९, ४०, ४२, ४६. आलेख काढला. रेघ वर वळते आहे.

आज एक बेडूक त्याला चिकटलेला होता. पाय हलत होते. संध्याकाळी नुसतं कातडं उरलं, तेही आत आत जात होतं. वीस मिनिटं उकिडवी बसून बघत राहिले. जेवण गेलं नाही. भातात केस सापडेल असं सारखं वाटत होतं.

रंभाबाई म्हणतात, चुना टाकून बुजवू. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. त्या नाखुशीने थांबल्या. हे नुसतं चिकटतंय की ओढतंय, ते मला कळायला हवं. हॉलमध्ये दोऱ्याला किल्ल्या बांधून ओळंबा लावला. तो सरळ नाही. अर्धं बोट अंगणाकडे कललेला आहे.

माझे ग्रह इतके लांब आहेत की त्यांना वाढताना कुणी पाहिलं नाही. हे मी बघते आहे.

२० फेब्रुवारी

६१.

मांजर दोन दिवस दिसलं नाही. आज काठीने केस बाजूला केले तर आत शेपूट होतं. रंभाबाई रडल्या. मी ते वहीत टिपलं, आणि टिपताना माझीच मला किळस आली.

मोबाइलला रेंज फाटकाबाहेरच येते. तिथे जाऊन अनिसला फोन केला. शनिवारी येतो म्हणाला, बार्शीला घेऊन जातो, अम्मी वाट बघतेय. कारण मी सांगितलं नाही. भावाला काय सांगणार?

परत येताना चेंबरजवळ पाय आपोआप भरभर पडले. तिथे उतार नाही.

२२ फेब्रुवारी

रंभाबाईंनी मला न विचारता चुन्याचं पोतं आणलं. मी अडवलं. उद्या टाका, एक मोजमाप राहिलंय म्हटलं. त्या चिडल्या. "मोजून काय पोट भरतंया व्हय तुमचं? माझी मांजर गेली!" मी दार लावून कामाला बसले.

चार वाजता पोतं पडल्याचा आवाज आला. आरोळी नाही.

झाकण बाजूला होतं. अंगणभर चुना सांडलेला, त्यात पावलं उमटलेली. पावलं काठापर्यंत होती. आत गोळ्यावर हिरव्या बांगड्या ओळीने बसल्या होत्या, एकही फुटलेली नव्हती. पिकला अंबाडा. त्यात आजचं फूल.

मोजलं नाही.

खोटं. मोजलं. टेप हातून ओढला गेला, पण आकडा वाचला. ११४. एवढी बाई एवढ्यात मावते कशी? आकार लहान, वजन जास्त. हे वाक्य मी प्रबंधात तीनदा लिहिलंय.

त्यांनी पाच दिवसांपूर्वीच चुना टाकला असता. मी थांबवलं.

२३ फेब्रुवारी

काल संध्याकाळपासून बाहेर पडता येत नाही. भिंतीला धरून चार पावलं गेले, तर पाय अंगणाकडे घसरायला लागले. व्हरांड्याच्या खांबाला मिठी मारली, कशीबशी आत आले. मागच्या खिडक्यांना गज. तिथून ओरडले. रानात कुणी नाही.

किल्ल्या आडव्या तरंगतात. बादलीतलं पाणी एका कडेला चढलंय. वास भिंतीतून येतो, उशीतून येतो. फिनेल ओतलं, ते दाराखालून वाहून गेलं.

मागच्या खोलीत आहे. ओढणीने गजांना बांधून घेतलंय.

२४ फेब्रुवारी

केस हातात येतात, मूठ मूठ. धरून ठेवले तरी निसटतात, जमिनीवरून सरपटत जातात, सगळे एकाच दिशेने.

डाव्या करंगळीचं नख गेलं. दुखलं नाही. शी —

माझ्याच अंगाला तो वास येतोय. ओकायला पोटात काही नाही.

झाकण फुटल्याचा आवाज. अंगणाची फरशी उचकटते आहे. आता ते मोजण्यात अर्थ —

२५, शनिवार, दुपार

फाटक वाजलं. अनिस. हाक मारतोय.

दारं ओढीने उघडीच आहेत, हॉलमधून तो दिसतो. हातात अम्मीचा डबा. चेंबरमधलं त्याला दिसत नाही बहुतेक, उचकटलेल्या फरशांचा ढीग मधे आहे.

ओरडले, आत येऊ नकोस, मागे फिर. घसा बसलाय. त्याला वाटतंय मी बोलावतेय. हसतोय —

अनिस, नको —

डबा हातातून सुटला. खाली पडला नाही. आडवा गेला. तो डबा धरायला पुढे —

ओढणीची गाठ सोडते. आधी मी गेले तर ते मला गिळण्यात गुंतेल, कदाचित तो मागे —

सोड