सासूचे उसने तांदूळ

मी, युन माल-सुन, वय एक्क्याऐंशी, धंदा कालवं सोलणे, राहणार तोंगयंग बंदरामागची चढण, पूर्ण शुद्धीवर आणि तितक्याच रागात, कोणाच्याही दडपणाला भीक न घालता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागाचा दाखला खाली मिळेल.

कलम १. राहतं घर. हे घर मी चर्चला दिलेलं नाही आणि देणार नाही. माझा मुलगा ग्यु-सॉक याला चर्चच्या वडीलमंडळात बसायचं आहे, म्हणून मला न विचारता त्याने भर सभेत ते नव्या इमारतीसाठी बोलून टाकलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या! अरे, घर उभं केलं तुझ्या आजीने आणि मी, कालवं सोलून, बोटं फाडून घेऊन. ते माझी मुलगी पिल-रे हिला द्यावं, कलम ३ ची अट पाळून.

कलम २. कालवं सोलायचा सुरा शेजारीण बुन-इ हिला. तिची जीभ धारदार आहे, सुरा बोथट झालाय. बँकेतली शिल्लक अंत्यविधीला लावावी. उरेल त्यातून कालवांच्या शेडमधल्या बायकांना गरम सूप पाजावं. चर्चच्या पाळकसाहेबांच्या पाकिटात छदामही घालू नये.

कलम ३. चुलीजवळच्या खिळ्यावरची पिशवी. आमच्या वेळी चर्चच्या बायका भात टाकताना घरात माणशी एक चमचा तांदूळ या पिशवीत बाजूला टाकत आणि रविवारी देवाला नेत. नवऱ्याची होडी परत आली नाही त्या हिवाळ्यात मी पिशवी रिकामीच टांगली आणि ओरडले, "घे, आता तूच भर!" चर्चला जाणं सोडलं.

पुढच्या शनिवारी पाहते तर पिशवी जड. माझं डोकं फिरलं. "कोणी भीक घातली आम्हाला?"

माझी सासू बुद्धाला मानणारी, चर्चचं नाव काढलं की नाक मुरडणारी. जेवता जेवता म्हणाली, "घसा कशाला फोडतेस? मी टाकलेत. तुझ्या देवाला सांग, उसने आहेत, फुकट नाहीत. आणि उद्या तिकडे जाऊन रड, इथे माझं डोकं खाऊ नकोस."

माझ्या आणि पोरांच्या वाडग्यात भात होता. तिच्या वाडग्यात नुसती पेज. आठवडाभर मी ते पाहिलंच नव्हतं.

मी गेले. तेव्हापासून जात आले. मला देव भेटला तो त्या पेजेच्या वाडग्यात, हे लिहून देते.

गेल्या महिन्यात सासूच्या स्मृतिदिनी मी पाळकसाहेबांना विचारलं, "ती आता कुठे असेल?"

"आजी, त्यांनी विश्वास ठेवला नाही. वाईट वाटतं, पण त्या स्वर्गात नाहीत."

"आई, शास्त्रात तसंच आहे," ग्यु-सॉक म्हणाला. ज्याच्या वाट्याचा भात तिने राखला, तो!

म्हणून अट ही, की दरवर्षी त्या स्मृतिदिनी पिल-रेने या घरात आजीसाठी शिगोशीग भाताचा वाडगा ठेवावा. वाडग्यापुढे वाकून नमस्कार करायचा नसेल तर करू नये. ही मूर्तिपूजा नव्हे, परतफेड आहे.

कलम ४. आजीचा पितळी वाडगा ग्यु-सॉकला. त्यात आठवडाभर पेज खावी, बंदरावर उन्हातान्हात काम करावं, मग खुशाल वडीलमंडळात बसावं.

कलम ५. माझ्या शवपेटीत ती पिशवी तांदळाने काठोकाठ भरून ठेवावी. पाळकसाहेब आडवे आले तर सांगावं, म्हातारी वर गेल्यावर आधी सासूची चौकशी करणार आहे. तिला आत घेतलं नसेल तर दारातूनच माघारी फिरेन आणि ती असेल तिथे चूल मांडेन. पण तशी वेळ यायची नाही. माझ्या देवाने तिचे तांदूळ खाल्लेत. खाल्ल्याला तो जागेल.

तोंगयंग, १९ नोव्हेंबर २०१९.
युन माल-सुन (शिक्का)

साक्षीदार:
१. कू सांग-होन, कालवांच्या शेडचे मालक
२. प्यो इन-जा, चर्चच्या स्वयंपाकघरातली. पिशवी पेटीत मी स्वतः ठेवीन.