दुसरी गिटार

५ ऑक्टोबर, रविवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक ॲम्प, एक गिटार आणि ताईने निघताना बळेच काखेत कोंबलेली उशी, एवढा जामानिमा घेऊन आज नव्या खोलीत राहायला आले. खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना बाहेरून, दार वेगळं, त्यामुळे मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक खिडकी रस्त्यावर उघडते, तिला गज आहेत. समोरची भिंत शेजारच्या गोदामाला चिकटलेली. गोदाम बंदच असतं म्हणे, म्हणजे तिकडून तक्रार यायची भीती नाही.

घरमालकीण काकू खाली एकट्याच राहतात. त्यांना पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं की मी गिटार वाजवते, आणि तीही रॉक, म्हणजे तुमच्या भाषेत गोंगाट. काकू म्हणाल्या, अंधार पडेपर्यंत काय तो धिंगाणा घाल, मग मला टीव्ही ऐकू आला पाहिजे. सोन्यासारखी बाई!

ताईचा फोन येऊन गेला. या वयात लोक गुडघे सांभाळायला लागतात आणि तू गिटार सांभाळतेस, हे तिचं नेहमीचं. छत्तीस हे काय वय आहे?

८ ऑक्टोबर, बुधवार

कामावर रुळले. दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि कॅपा बनवायची लॅब आहे. दिवसभर मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे. साहेबांनी पहिल्याच दिवशी एक अवघड दाढ कोरायला दिली आणि बघून मान हलवली. म्हणजे पास.

संध्याकाळी नवीन गाणं शिकायला घेतलं. जुनं, संथ सुरू होऊन पुढे पेटणारं. माझी पद्धत ठरलेली: गाणं अर्ध्या वेगाने लावायचं, एक तुकडा ऐकायचा, बोटांनी शोधायचा, चुकायचं, पुन्हा ऐकायचं. तो बोटांत उतरला की पुढचा. त्यात डोक्याला काही काम नसतं. एकदा बोटांना कळलं की डोकं भाजीचा विचार करायला मोकळं.

सुरुवातीचा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तो तुकडा, बसला. मधल्या सोलोमध्ये तार वर ओढायची जागा आहे, तिथे अजून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी पहिलं रेकॉर्डिंग. समोरच्या भिंतीपाशी स्टुलावर ॲम्प ठेवला, पुढे माइक, लॅपटॉप पलंगावर. तोंडाने एक, दोन, तीन, चार म्हणायचं आणि सुटायचं. चार-पाच टेक झाले. एकात तार तुटली. बाकीच्यांपैकी त्यातल्या त्यात बरा ढोल्याला पाठवला.

ढोल्या म्हणजे कॉलेजच्या बँडमधला आमचा ड्रमर. आता दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत असतो. मी गिटार पाठवते, तो त्यावर ड्रम चढवतो आणि आमचं कव्हर, म्हणजे जुन्या गाण्याची आमची आवृत्ती, तयार होतं. मग ते इंटरनेटवर टाकायचं आणि पन्नासेक माणसांनी ऐकलं की धन्य व्हायचं. मला तो तारतोडी म्हणतो. का ते वर आलंच आहे.

दुसरा गिटारवाला मात्र आम्हाला कधीच मिळाला नाही. ती जागा रिकामीच राहिली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ढोल्याचा मेसेज: “तारतोडे, कुणाला धरून आणलंस? दुसरी गिटार वाजवतंय कोण? कच्चं आहे गं बिचारं, पण कान बरा दिसतोय.”

मला वाटलं, खेचतोय. हेडफोन लावून ऐकलं.

आहे. माझ्या गिटारच्या मागे, लांबून आल्यासारखी, दुसरी एक गिटार आहे. मी वाजवते तेच वाजवते, पण अर्ध्या श्वासाने उशिरा. चाचपडत. मी जिथे चुकले, तिथे तीही चुकली.

प्रतिध्वनी म्हणावा, तर प्रतिध्वनी अडखळून पुन्हा सुरुवात करत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

गोदामात कुणी शिकत असेल, असं मनाशी धरून काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे पोत्यांशिवाय काही नाही आणि दाराला टाळं आहे. मी जाऊन बघून आले. टाळ्यावर कोळ्याने घर केलंय.

परवा पुन्हा रेकॉर्ड केलं. वाजवताना काहीच ऐकू येत नाही. ऐकायला बसलं की ती असते. या वेळी ॲम्प खिडकीकडे फिरवला, माइक बदलला, तरी होतीच. आणि सुधारली होती. रिफ जवळजवळ बरोबर.

खरं सांगू? घाबरायला हवं होतं, पण गंमतच वाटली. मी शिकले तशीच कुणीतरी शिकत होती, तुकड्या-तुकड्याने, तीच चूक पाच वेळा करून. आणि दोन गिटारी एकत्र ऐकताना अंगावर काटा आला, तो सुखाचा. इतकी वर्षं जी जागा रिकामी होती, ती भरली होती.

ढोल्याने ड्रम चढवून कव्हर टाकलंसुद्धा. तीनशेवर लोकांनी ऐकलं! कुणीतरी खाली लिहिलंय, दोघींचं छान जमतं.

दोघींचं, असं त्या माणसाला का वाटलं असेल?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आता कामावरून आले की रोज रेकॉर्ड करते. चहासुद्धा नंतर. काल तिचा रिफ निर्दोष आला. माझ्यापेक्षा स्वच्छ. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

आज गिटार उचलली आणि रिफ मला येईना.

विसरले असं नाही. डोक्यात पूर्ण आहे, कुठली तार, कुठली पट्टी, सगळं सांगता येईल. बोटंच उचलत नाहीत. पहिल्यांदा गिटार हातात धरलेल्या माणसासारखी नुसती तारांवर पडून राहतात. बाकीचं गाणं येतं. तेवढाच तुकडा गेला.

दमले असेन. लॅबमध्येही काम फार आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

सोलो वाजवला नाही. वाजवला तर तोही जाईल, असं वाटलं. म्हणजे मी हे मान्य केलं तर.

फक्त साध्या कॉर्ड वाजवून एक टेक घेतला. सुरुवातीला मी एक, दोन, तीन, चार म्हटलं. ऐकताना माझ्या चारनंतर, लांबून, पुन्हा आलं. एक. दोन. तीन. चार.

आवाज माझा. “तीन”वर माझा आवाज किंचित घसरतो, तोही तसाच घसरला. मग ती थांबली. मग फक्त “तीन”. पुन्हा “तीन”. घोटत होती.

ढोल्याला फोन करून सगळं सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, तिथून नीघ, काही दिवस माझ्याकडे ये, बायकोला सांगतो. नवी नोकरी सोडून कशी जाऊ, म्हटलं. महिना तरी भरू दे.

सगळी रेकॉर्डिंगं पुसली. ॲम्पची वायर काढली. गिटार पेटीत घालून पलंगाखाली सरकवली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी काकूंना हाक मारायला गेले आणि तोंडातून नुसती हवा आली. दिवसभर तसंच. डॉक्टरांनी घशात दिवा धरून पाहिलं. म्हणाले, सूज नाही, काही नाही, गळा ठणठणीत आहे, विश्रांती घ्या.

लॅबमध्ये लिहून-लिहून बोलले. साहेबांना वाटलं, मौन धरलंय.

घरी आले तर काकू जिन्यापाशी. म्हणाल्या, बरं वाटलं ना गं आता? दुपारी किती छान गुणगुणत होतीस वर.

दुपारी मी लॅबमध्ये होते.

१ नोव्हेंबर, शनिवार

मला कळायलाच हवं होतं. म्हणून गिटार न काढता, नुसता माइक भिंतीसमोर ठेवून लॅपटॉप सुरू केला आणि बाजारात गेले. परत येऊन ऐकलं.

आधी शांतता. मग खोकला. माझा, सकाळचा. मग जिन्यावरची पावलं, वर आणि खाली, वर आणि खाली. डावं पाऊल उशिरा पडतं, मग पुन्हा पहिल्या पायरीपासून. मग ताईशी मी फोनवर बोलते तसं बोलणं. “हो गं ताई. नाही गं ताई. जेवले गं.” एकेक शब्द वेगळा, मग जोडून.

आणि शेवटी कडी. माझ्या दाराची कडी. उचलायची, सरकवायची, टाकायची. उचलायची, सरकवायची, टाकायची. तास संपेपर्यंत तेवढंच.

बॅग भरली. सकाळच्या पहिल्या गाडीने ताईकडे. नोकरी गेली तर गेली.

२ नोव्हेंबर, रविवार

कडी उघडत नाही.

कडी ठीक आहे. माझे हात — डोकं म्हणतं उचल, डावीकडे सरकव. बोटं तिच्यावर नुसती पडून राहतात. मनगटाने ढकलून पाहिलं, दातांनी ओढून पाहिलं. रिफचं झालं तसंच.

दार बडवलं. काकू जिना चढून आल्या, काय गं, काय चाललंय म्हणाल्या. मी सगळा जीव एकवटून ओरडले. हवा.

तेवढ्यात माझा आवाज बाहेरून, खालच्या पायऱ्यांवरून आला. “काही नाही हो काकू. सामान बांधायचं म्हणून खिळे ठोकत होते. आत्ताच खाली आले.” काकू हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, तू इथे होय! मला वाटलं आत आहेस.

दोघी बोलत खाली गेल्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

ताईला मेसेज केला. ये. लगेच ये. मी कोंडले गेले आहे.

ताईचं उत्तर: “वेडे, आत्ताच काकूंच्या फोनवरून तासभर डोकं खाल्लंस की माझं! गुरुवारी न्यायला येते म्हटलं ना. आता हा काय चावटपणा?”

ढोल्याला लिहायला गेले. फोन उघडायची नक्षी — बोटाने काढायची ती — रोज शंभरदा काढते — येत नाही.

४ नोव्हेंबर

नळाचं पाणी आणि पाव आहे. खिडकीतून हात हलवला. खालून जाणाऱ्या बाईने उलट हलवला. सगळ्यांना वाटतं, ओळख दाखवते.

पेटी पलंगाखालून ओढली. गिटार हातात घेतली. कशी धरायची ते —

गाणं अजून आठवतं. पूर्ण. कुणाला सांगू?

५ नोव्हेंबर

भिंतीला कान लावला. आता माइक लागत नाही.

कागदावर पेन. खसखस. थांबून पुन्हा तेच अक्षर.

मी लिहिते तेव्हाच हा आवाज येतो. मी थांबले की तीही —

कमी लिहायचं. ताईपुरतं लिहिणं शिल्लक ठेवायचं.

६ नोव्हेंबर

ताई आली. खाली आहे. तिचं हसू इथपर्यंत. माझंही.

ताई म्हणते, बारीक झालीस गं. ती म्हणते, नाही गं ताई. जेवले गं. ताई म्हणते, चल, गाडी उभी आहे.

फाटक वाजलं. खिडकीशी आहे. दोघींच्या पाठी. माझा निळा शर्ट. ताईचा हात तिच्या खांद्यावर — डावा पाय अजून उशिरा पडतोय, ताई, बघ ना खाली, बघ —

हे पान फाडून खाली टाकते. वारा नाही. पडेल सरळ.

ताई मागे बघ. वर. ती मी नाही. मी खिड