घराण्याची गुहा

हांगा रोआ, रविवार

प्रिय तेपानो,

बाबा गेल्याची तार तुला मिळालीच असेल. तारेत न मावलेलं आता लिहिते. एकटा असशील तेव्हा वाच.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि आपल्या गुहेची वाट माझ्या कानात सांगितली. खरं तर ती मुलाला सांगायची. "तो बोटीवर चढला, आता तूच," म्हणाले. "आधी पांढरी कोंबडी जमिनीतल्या भट्टीत भाज. पहिला घास आकुआकूंना. आगाऊपणा केलास तर ती भुतं तुला जिवंत सोडायची नाहीत."

मी सगळं केलं. मग मंगळवारी सकाळी कडा उतरले. दगड सरकवला, तर भोक एवढंसं. आधी पाय घातले, मग कंबर. खांदे अडकले, आणि आत कुणीतरी आता माझे घोटे धरणार, असं वाटून मी किंचाळले, "मी मेराही! त्यांचीच मुलगी!" माझाच आवाज आतून परत आला. तेपानो, तो मला आईसारखा वाटला.

कंदील लावला. पूर्वजांच्या दोन लाकडी मूर्ती होत्या. मध्ये चटईवर हाडं, नीट निजवलेली. शेजारी आपलं निळं पातेलं, जे हरवलं म्हणून मी मार खाल्ला होता. गळ्याशी शिंपल्यांची माळ. ती मीच आईसाठी ओवली होती, सात वर्षांची असताना. मधला शिंपला उलटा.

आई खलाशाबरोबर पळाली, असंच ना आपण ऐकत आलो? त्या रागातच तू बेट सोडलंस. मी तशीच उका आत्याकडे धावले. ती ढसाढसा रडली. "अगं, महारोग झाला होता तिला. गावाबाहेर कोंडलं असतं. तुझ्या बापाने तिला तिथे लपवलं, दोन वर्षं, ती जाईपर्यंत, रताळी पोचवली. लोकांनी थुंकलेलं सोसलं, पण तोंड उघडलं नाही."

परवा रताळी भाजताना माझा हात निखाऱ्यावर टेकला. कळलंच नाही मला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा पाहिलं. त्या जागी वर्षभरापासून एक फिकट डाग आहे. उद्या दवाखान्यात जाते. आता गोळ्यांनी बरं होतं म्हणतात, पण गुहेत शिरताना वाटली नव्हती एवढी भीती वाटतेय. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, तिच्याच कुशीत झोपायचास. तेपानो, कपडे काढून उजेडात उभा राहा आणि बायकोला तुझी पाठ बघायला सांग. मग पोरांची.

तुझीच थोरली,
मेराही