डाव्या कानातले जास्तीचे मणी

रेलीन पोरी,

आज शाळेच्या निरोप समारंभात घालायची तुझी कानातली चहाच्या डब्याशेजारी ठेवलीत. आधी उजवं बघ, ते हिवाळ्यात केलेलं. मग डावं बघ, आणि हसू नकोस.

परवा सकाळी खिडकीतून एक डोमकावळा आला, टोपी घातलेला. त्यानं लाल, नारिंगी, तपकिरी सगळे मणी एकात एक कालवले आणि "निवड आता, म्हातारे" म्हणून उडाला. आपल्यात बर्फ पडल्याशिवाय डोमकावळ्याच्या गोष्टी सांगायच्या नसतात, ठाऊक आहे मला. म्हणून ही गोष्ट नाही, खरंच घडलंय.

आपण प्रत्येक कामात एक मणी मुद्दाम चुकीचा ओवतो ना, कारण बिनचूक तो फक्त वरचा. डाव्यात तसे बरेच झालेत. कुणी विचारलं तर सांग, आमची आजी फार नम्र आहे.

उसवून पुन्हा ओवलं गं. परत तेच झालं. काय करू, सांग.

मर्विनमामा मला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय. मीच ट्रक चालवते म्हटलं, तर मेल्यानं किल्ली लपवली. तिथून थेट समारंभाला येते. बॅनक भाकरी ताटाखाली झाकलीय, खाऊन जा.

निघण्याआधी माझ्या सगळ्या सुयांत दोरा घालून ठेव. नेढी हल्ली फार बारीक करतात.

आणि स्टेजवर चढलीस की मोठ्यानं "आजी" म्हण. म्हणजे त्या पोरींतली तू कुठली, ते कळेल मला.

आजी