पार्लरवालीचं तोंड

बारामती,
४ एप्रिल १९९७

ती. प्रयागवहिनींस, मुक्ताचा शि.सा.न.वि.वि.

हे पत्र दादाला दाखवू नका, हसून हसून ठसका लागंल त्याला. माझ्या पार्लरात भिंतीवर दोन फोटू हायत, क्रीम लावायच्या आधीचा आणि नंतरचा. काल काटेवाडीच्या एका नवरीची आत्या चौकशीला आली. तिनं फोटू बघितले, मला बघितलं आणि विचारलं, की आधीचा फोटू तुमचाच का! डोळ्यांखाली काळं, गालावर पुटकुळ्या, रंग मातकट. असल्या तोंडानं मी नवऱ्या नटवणार! विचार करून सांगते म्हणून बाई गेली.

ह्यांनी बजावलंय, ह्या लग्नसराईत गिऱ्हाईक लागलं न्हाय तर गाळ्यात जनावरांच्या पेंडीचं दुकान. पार्लर गेलं तर लई जीव तुटंल माझा. ह्या काळजीनं महिनाभर डोळ्याला डोळा न्हाय. दुकानातली समदी क्रीमं थापून झाली.

लोभ असू द्या, आरसा मात्र पाठवू नका.
तुमची मुक्ता

निरवांगी,
८ एप्रिल

चि. सौ. मुक्तास, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

अगं येडे, तुला क्रीम न्हाय, झोप पायजे. समर्थ झाला तवा मी दोन महिनं जागी व्हते, तोंड पार उतरलं व्हतं. पोरगं झोपाया लागलं आन् माझं तोंड आपसूक ताळ्यावर आलं. आठ दिस हितं ये. तुझ्या दादानं पत्र वाचलंच. आधी हसले, मंग एस्टीची येळ इचारून आले. परवा तुला न्यायला येत्यात.

माया हायेच, कामाला हात लावलास तर ती कमी करीन.
तुझी वहिनी

बारामती,
१२ मे

ती. वहिनींस, शि.सा.न.वि.वि.

तुमच्याकडं म्हशीगत लोळले, त्याचं फळ आलं. काटेवाडीच्या आत्यानं मला वळखलंच न्हाय. काय लावलं म्हणून विचारलं. झोपले म्हटलं, तर बाईला वाटलं मी क्रीमचं नाव लपवतेय. पण नवरी नटवायला आम्हालाच दिली.

लग्नादिवशी पोरगी आली, तर डोळे खोल, तोंड सुजलेलं. दोन रात्री पाहुण्यांत जागलेली. पावडर काय बसंना. मग तिला आत निजवलं, शटर ओढलं आणि दारात बसले. आत्या मुहूर्ताच्या नावानं ओरडत व्हती. लेप लावलाय, हलवायचं न्हाय, असं बिनदिक्कत ठोकून दिलं. दोन तासांनी पोरगी उठली. नुसतं काजळ घातलं, तरी मांडवात बायका बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सातजणी आल्या, तोच लेप पायजे म्हणून! पेंडीचं नाव ह्यांनी टाकलं. आता रोज दुपारी हे स्वतः शटर ओढून बाहेर बसत्यात, आत लेप चाललाय म्हणून गिऱ्हाईकांना थोपवत्यात. आत मी एकटीच घोरत असते.

अशीच माया ठेवा.
तुमची मुक्ता