पुढच्या खोलीतला फळा

मी, रामनाथ चिंधू भोईर, वय ६६, मराठीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार धामणकर नाक्यामागे, भिवंडी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, पुढची खोली सोडून, पुतण्या प्रितेश यास. पुढच्या खोलीत मोबाइलचे दुकान काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. बेत रद्द समजावा.

२. बँकेतील ठेव गणेशपुरीची बहीण गुणाबाई हिला. तिने त्यातून प्रितेशचे लाड करू नयेत.

३. बी.ए.च्या मुलांकडून जप्त केलेली व्याकरणाची चाळीस गाईडे नाक्यावरच्या भेळवाल्याला, पुड्या बांधायला. मी वर्गात आधी अर्थ विचारायचो: कोण बोलतंय, कोणाला, कशासाठी? व्याकरणातली नावे त्यानंतर. आमचे विभागप्रमुख याला गप्पांचा तास म्हणत. त्यांना माझी काठी द्यावी. गुडघे त्यांचेही गेले आहेत.

४. पुढची खोली, फळ्यासकट, माझी विद्यार्थिनी हफसा, यंत्रमागावरचे कामगार नूर मोहम्मद यांची मुलगी, हिला. कारण लिहिणे भाग आहे. २००० सालच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला कर्तरी-कर्मणी प्रयोगांच्या व्याख्या विचारल्या. ती म्हणाली, "सर, पाठ नाय, पण समजलंय. 'धागा तुटला' सांगितलं तर शेठ जोडायला लावतो. 'ह्याने धागा तोडला' सांगितलं तर पगार कापतो."

त्यांनी तिला नापास केले. मी शेजारी बसून चहा प्यायलो आणि गुणपत्रिकेवर सही केली. निवृत्तीला एक वर्ष उरले होते, कटकट नको होती. बाहेर ती एवढेच म्हणाली, "तुम्हीच तर असं शिकवलं ना, सर?" तिने कॉलेज सोडले. मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते.

हल्ली ती घराच्या जिन्याखाली पोरांची शिकवणी घेते. मी एकदा बाहेर उभा राहून ऐकले. "आधी सांग, तुला म्हणायचं काय आहे?" हफसा माझ्याच सुरात विचारत होती. आत जायचा धीर झाला नाही.

खोली नाकारायचा तिला पूर्ण हक्क आहे. तसे झाल्यास प्रितेशने खुशाल मोबाइल विकावेत, पण आधी फळा तिच्या जिन्याखाली पोचवून यावे.

५. गुणपत्रिकेवरची ती सही आता मागे घेता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून ही करतो आहे.

रामनाथ चिंधू भोईर
भिवंडी, १७ जून २००७

वरील सही आमच्यासमोर केली:
(१) हिरामण तुळशीराम म्हात्रे, शेजारी
(२) राघो केणे, कॉलेजचे निवृत्त शिपाई. त्या दिवशी चहा यांनीच आणला होता.