नवशीची नळी काढली त्याबद्दल

प्रिय भाविका,

तुझा मेमो मिळाला. ‘सदर परिचारिका’ म्हणजे मीच, हे कळायला मला तो दोनदा वाचावा लागला. नर्सिंगच्या हॉस्टेलात तीन वर्षं एका ताटात जेवलो आपण, आणि आता मी सदर झाले. असो, मेट्रनच्या खुर्चीत बसलं की असंच लिहावं लागत असेल. पण सोबत जोडलेल्या माफीनाम्यावर मी सही करणार नाही. सही केली नाही तर उद्याच्या चौकशीनंतर माझं कंत्राट वाढवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी नाही.

काय घडलं ते एकदा माझ्याकडून ऐक. नवशी तलासरीकडच्या पाड्यावरची. सोमवारी तिची गर्भपिशवी काढली. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी निघायला हवी होती. मंगळवारी राउंडला मी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर सरांना विचारलं, अजून नळी लागते का? राहू दे, म्हणाले. बुधवारी विचारलं, गुरुवारी विचारलं. शुक्रवारी त्यांनी मान वर न करता नुसता हात हलवला. का राहू दे, तर वॉर्डात मावशी एकच आणि संडास व्हरांड्याच्या टोकाला. नळी असली की कुणाला उठवायला नको. आपल्या सोयीसाठी बाईच्या अंगात नळी ठेवायची, आणि ताप आला की तिच्याच पाड्यावरच्या पाण्याला नावं ठेवायची. नळी जितके दिवस राहते तितका जंतू आत जायचा धोका वाढतो, हे आपण दोघींनी पहिल्याच वर्षी घोकलं होतं ना?

शुक्रवारी नवशीने माझा हात धरला. म्हणाली, “बाय, माना चालाय येतं. ही नळी काढ.” मी हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले, नळी काढली आणि केसपेपरवर वेळ, कारण आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. लेखी ऑर्डर नव्हती, तेही तिथेच लिहिलं. दोन तासांनी तिला धरून संडासाला नेलं. लघवी साफ झाली. परत येताना ती पुढे आणि मी मागे होते. रविवारी ती ताप न येता घरी गेली.

सर म्हणतात, मी रोज विचारून त्यांचा अपमान केला. माझी आई चिंचणीच्या बाजारात पापलेट विकायची. गिऱ्हाईक कल्ला उचलून बघायचं, तेव्हा ती कधी रागावली नाही. माल ताजा असेल तर बघू दे की, म्हणायची. मी तिचीच मुलगी आहे. विचारायचं तेव्हा विचारणारच.

आता जे आपण कधी बोललो नाही ते लिहिते. आपल्या पहिल्या नोकरीतला लहान्या तुला आठवत असेलच. ताडावरून पडून मांडी मोडलेला. त्याच्या बायकोने लघवीची पिशवी सलाईनच्या दांड्याला वर टांगली होती, कारण तिच्या मते बाटल्या टांगायची जागा तीच. आपण दोघी हसलो, पिशवी खाली लावली, आणि पुढे गेलो. पिशवी वर टांगली की लघवी उलटी आत जाते, हे तिला नीट समजावलं नाही. नळी चौदा दिवस होती, ती का आहे हे आपण एकदाही कुणाला विचारलं नाही. बाराव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली, पंधराव्या दिवशी तो गेला. मग इन्चार्ज सिस्टरने कागद पूर्ण करायला सांगितले. ‘नळीची निगा राखली’ ही आठ दिवसांची नोंद मी एका बैठकीत लिहिली आणि तू खाली सही केलीस. निगा कुणीच राखली नव्हती. त्याची बायको व्हरांड्यात बसून माझ्याकडे बघत होती. मला अजून लाज वाटते, भाविका. तुलाही वाटत असणार. तू बोलत नाहीस एवढंच.

उद्या अकरा वाजता तू टेबलाच्या पलीकडे बसशील. मी नवशीचं सांगेन आणि त्यामागचं कारण विचारतील तेव्हा लहान्याचंही सांगेन. खोटी नोंद मी लिहिली हे सांगेन. सही कुणाची होती हे मी सांगणार नाही. ते तू तुझं ठरव. पण हे सगळं चारचौघांत पहिल्यांदा तुझ्या कानावर पडावं असं मला वाटलं नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. मला वाचवायला जाऊ नकोस. नोकरी गेली तर दुसरी बघेन, पण कागदावर आणखी एकदा खोटं लिहिणार नाही.

मेमो दिलास तरीही तुझीच,
कल्पिता